हलूनका आणि आतल्या खोलीतली रेंज

हलूनका यांस,

पत्राची सुरुवात अशी करतात का, असं विचारू नका. तुमचं खरं नाव या इमारतीत फक्त विजेच्या बिलावर येतं, आणि तेही चुकीचं छापलेलं. परवा तुमच्या दवाखान्यातल्या दोघी जणी माझ्याकडे आल्या होत्या. तुम्ही या महिन्यात निवृत्त होताय, तेव्हा निरोपाच्या दिवशी वाचायला चार ओळी लिहून द्या म्हणाल्या. मी म्हटलं, चार ओळींत त्यांचा शिशाचा एप्रनसुद्धा मावायचा नाही. त्यावर दोघी हसल्या. म्हणजे एप्रनची गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण अर्धीच. ते काय घालून धावले एवढं त्यांना माहीत, कशासाठी धावले ते विचारलं तर एकमेकींकडे बघायला लागल्या.

म्हणून सगळंच लिहिते. पत्रात तुम्ही 'तुम्ही' आहात, पण पुढे गोष्टीत मी तुम्हाला 'तो' म्हणणार. सारखं अहोजाहो करत बसलं तर गोष्ट चालत नाही, लंगडते. आणि माझा उल्लेख 'वरच्या बाई' असा करते, तुम्ही माझ्या पाठीमागे करता तसाच. त्यांना मात्र अहोजाहो राहील. वयाचा मान आहे, त्याला माझा इलाज नाही. कुठे चुकलं तर खालून हाक मारा.

*

दवाखान्याच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीवरून आत गेलं की एक बोळ लागतो. बोळाच्या टोकाला एक्स-रेच्या खोलीचं जड दार आणि दारावर लाल दिवा. त्या दाराआड त्याने उभा जन्म काढला. माणसं आत यायची. कोणाचा हात मोडलेला, कोणाची छाती भरलेली, कोणाची पाठ धरलेली. तो त्यांना फळीसमोर उभं करायचा, हनुवटी वर करायचा, खांदे पुढे घ्यायला लावायचा. मग स्वतः जाड काचेमागे जाऊन एका ठरलेल्या सुरात म्हणायचा, "श्वास घ्या. रोखा. हलू नका." बटण दाबलं की, "सोडा."

दिवसभर तेच म्हणून म्हणून ते वाक्य त्याच्या अंगात मुरलं होतं. शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याला तो खालून सांगायचा, "हलू नका." जिन्यात समोरून कोणी कपाट घेऊन आलं तर हा भिंतीला पाठ लावून म्हणायचा, "हलू नका." कपाटवाले खरोखरच थांबायचे, हाही थांबलेला, आणि मग सगळी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत तिथेच अडकून पडायची. नाव पडायला एवढं पुरलं.

त्याची बायको नेमकी उलट्या टोकाची. ती बटणांच्या दुकानात कामाला होती. बटणं, लेस, दोऱ्याची रिळं. बायका ब्लाउजला जुळणारं बटण घ्यायला जायच्या आणि गप्पा मारून बटण न घेताच परत यायच्या, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जायच्या. तिच्या तोंडाचा पट्टा दुकान बंद झालं तरी चालू असायचा. हा संध्याकाळी घरी यायचा तो थकून. दिवसभर लोकांना गप्प उभं केलेलं, कानाला शांततेची सवय. आणि घरात पाऊल टाकलं की ती सुरू. कोणती गिऱ्हाईक कोणाबरोबर आली, कोणी जांभळ्या साडीवर हिरवी बटणं मागितली, मालक कसा हसला आणि मालकीण कशी नाही हसली.

"अगं, जरा श्वास घे," तो म्हणायचा.

"घेतला. रोखत नाही, हलतेय, आणि तुम्हाला सोडणारही नाही. ऐका पुढे."

हे भांडण भिंतीपलीकडे सगळ्यांना पाठ होतं. ते नुसतं भांडण नव्हतं, हेही सगळ्यांना कळत होतं.

मग एका सकाळी दुकानाच्या पायरीवर ती बसली, ती पुन्हा आपली आपण उठली नाही. डोक्यात रक्ताची गुठळी. त्याच्याच दवाखान्यात आणलं. मेंदूचा स्कॅन शेजारच्या खोलीत व्हायचा आणि ते यंत्र चालवणारी मुलगी याच्याच हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, "सर, त्यांना तुम्हीच सांगता का?" तो यंत्राजवळ गेला. तोंड उघडलं, पण ते वाक्य काही बाहेर पडेना. तसं सांगायची गरजही नव्हती. ती हलत नव्हती.

*

ती वाचली. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. समज मात्र पुरती शाबूत, कान तर पहिल्याहून तिखट. घशातून काहीतरी घरघरल्यासारखं यायचं, पण तेही तिने बंद करून टाकलं. नीट येत नसेल तर बोलायचंच नाही, असा तिचा बाणा. बोलायला शिकवणारी बाई घरी यायची. "अ म्हणा, आ म्हणा," असं सुरू झालं की ही भिंतीकडे तोंड करायची. काही दिवसांनी त्या बाईने हात टेकले.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरची खोली रस्त्याला लागून, आतली मागच्या बाजूला. न्हाणीघर आतल्या खोलीला चिकटून होतं, म्हणून खाट आत. सकाळी एक मावशी यायची. अंघोळ, जेवण, औषधं उरकून दुपारी ती पुढच्या घरी जायची. त्यानंतर तो येईपर्यंत ती एकटी. ती दुपार त्याच्या छातीवर दगडासारखी बसायची.

दवाखान्याच्या टेबलावर फोन होता की. पहिल्याच आठवड्यात, बाहेरच्या खोलीत बसवलं असताना, तिने कोणाच्या तरी फोनवरून तो डाव्या हाताने लावून पाहिला. पलीकडून चौकशीवरची बाई "हॅलो, हॅलो" करतेय आणि अलीकडून नुसता श्वास. त्या बाईने दोनदा ऐकून घेतलं आणि मग जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरात आईबहीण नाही का, इथपासून सुरुवात होती. हिला हसून हसून ठसका लागला. आजारानंतरचं ते तिचं पहिलं हसू, पण त्याने प्रश्न सुटला नाही.

दूर नोकरी करणाऱ्या लेकीने तोडगा काढला. तिने दोन साधे मोबाइल आणले, मोठाल्या बटणांचे. आईला सांगितलं, "हे एक बटण दाबून धरायचं, की बाबांचा फोन वाजतो. एकदा वाजवून बंद केलंस तर 'मी ठीक आहे'. लागोपाठ दोनदा वाजवलंस तर 'या'. बाबा, तुम्ही उचलायचा नाही, नुसतं ऐकायचं."

ती खुशीत. जन्मभर बटणं विकली, आता एकच बटण हातात आलं, पण चालणारं होतं.

चाललं मात्र नाही. फोन छत्रीवाल्या कंपनीचे होते. त्या शहरात कंपन्यांची नावं कोणी घेत नसे. दुकानाच्या पाटीवर जे चित्र असेल त्यावरून लोक ओळखायचे. छत्रीवाली, पोपटवाली आणि फुगेवाली. छत्रीवालीची जाहिरात होती, 'सगळं शहर आमच्या छत्रीखाली'. वरच्या बाई पुढे म्हणाल्या त्याप्रमाणे, सगळं शहर छत्रीखाली आणि यांची आतली खोली तेवढी बाहेर भिजत.

मावशी निघाली की एकदा फोन वाजायचा, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी फोन वाजला नाही. तो तसाच घरी पळाला. बघतो तर ती उशीला टेकून बसलेली, रागाने लाल, आणि फोन त्याच्या नाकासमोर धरलेला. ती केव्हाची बटण दाबत होती. दर वेळी एक बाई तिच्या कानात मंजुळ आवाजात सांगत होती, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राबाहेर आहे. कोणीतरी परकी बाई आपल्या नवऱ्याबद्दल बोलतेय आणि आपल्याला उलट बोलता येत नाही, हे तिला सोसणारं नव्हतं.

कधी त्याच्या बाजूला रेंज नसायची, कधी तिच्या. कधी फोन वाजायचा, कधी नाही. हे सगळ्यात वाईट. मुळीच वाजत नसता तर त्याने दुसरं काही पाहिलं असतं. पण हे असं, कधी आहे कधी नाही. फोन गप्प राहिला की त्याला कळायचं नाही, ही कंपनीची शांतता आहे की तिची. पेशंटला फळीसमोर उभं करून तो काचेमागे जायचा आणि "रोखा" म्हटल्यावर स्वतःच श्वास रोखून उभा राहायचा. एकदा एका म्हाताऱ्याने शेवटी विचारलं, "सोडू का हो? मरेन नाहीतर."

*

मग तो कंपनी बदलायला निघाला. पोपटवालीच्या दुकानात टेबलामागे एक चुणचुणीत मुलगी होती.

"काका, दिवसाला किती बोलता?"

"बोलत नाही."

"मग नेट लागत असेल. सिनेमे बघता?"

"नाही."

"मग फोन कशाला हवाय?"

"वाजायला."

मुलीने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिने पडद्यावर शहराचा नकाशा काढला. सगळा हिरवागार. "हे बघा, कुठेही जा, फुल रेंज."

"यात आमची आतली खोली कुठे आहे?"

"आतली खोली नाही दिसत, काका. तुमचा रस्ता हा बघा, पूर्ण हिरवा."

"रस्त्यावर रेंज येते हो. ती रस्त्यावर झोपत नाही."

फुगेवालीच्या दुकानातला नकाशा निळा होता, बाकी बोलणं तेच. तो दोन्हीकडून परत आला. त्याच्या धंद्यात समोरून काढलेल्या एका फोटोवर कोणी भरवसा ठेवत नाही, बाजूनेही काढतात. त्याने ठरवलं की कंपन्यांचाही तसाच काढायचा, ज्या जागी दुखतंय त्याच जागी.

दवाखान्यातून सुरुवात केली. रक्त तपासणाऱ्या बाईंचा फोन पोपटवाला, वॉचमनचा फुगेवाला. दोघांचे फोन दोन तळहातांवर आडवे धरून तो बोळातून चालू लागला, भरलेले कप घेऊन चालावं तसा. वॉचमन मागे मागे, कारण त्याचा जीव फोनमध्ये.

"हलू नका," याने सांगितलं.

"मी कुठे हलतोय, साहेब? तुम्ही चाललाय."

निकाल स्वच्छ लागला. लाल दिव्याच्या दाराआड कोणाचंच काही चालत नव्हतं. त्या भिंतीत शिशाचा पत्रा होता, आणि शिसं ना पोपटाला भीक घालतं ना फुग्याला. पण दाराबाहेर, पेशंट बसतात त्या बाकाशी, पोपटवाली ठणठणीत होती. फुगेवाली बोळात शिरताच मान टाकत होती. झालं, फुगेवाली बाद. आता पोपट घरी चालतो का, एवढंच पाहायचं.

वरच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन पोपटवालाच होता. एकट्या, निवृत्त, कॉलेजात शिकवलेल्या, आणि फोनवर ओरडून बोलणाऱ्या. त्यांच्या घरात रेंज फक्त मागच्या खिडकीशी यायची, तीही कोपर बाहेर काढून उभं राहिलं तर. ती खिडकी बरोबर याच्या आतल्या खोलीच्या खिडकीवर. त्या स्वतःच फोन घेऊन खाली आल्या.

त्याने बाईंना खाटेच्या उशाशी उभं केलं, मग पायथ्याशी, मग कोपऱ्यात. हनुवटी वर करायला सांगायचं तेवढं राहिलं.

"बाई, हलू नका."

"मी हलत नाहीये. माझा पोपट मेलाय, तो बघा."

खरंच मेला होता. आतल्या खोलीत एकही रेघ नाही. तो खाटेच्या कडेला बसला आणि फोन हातात नुसता फिरवत राहिला. तेव्हा तिने त्याच्या बाहीला हात घातला. मग मावशीची पिशवी ज्या खुंटीला असायची त्या रिकाम्या खुंटीकडे बोट केलं आणि मूठ कानाशी नेली. हे ती बरेच दिवस करत होती. त्याचा अर्थ त्याने केव्हाच लावला होता.

"कळलं गं," तो म्हणाला. "मावशी सारखी फोनवर बोलते, त्याचा तुला त्रास होतो. मी सांगितलंय तिला, तुझ्यासमोर फोन घेत जाऊ नको म्हणून."

तिने डाव्या हाताने उशीवर असा काही रट्टा दिला की कापूस उडाला. त्याला वाटलं, मावशीवरचा राग.

*

रविवारी तो घरी होता. मावशी आतल्या खोलीत तिला भरवत होती, हा दाराशी फडक्याने फोन पुसत उभा. मावशीच्या पिशवीत फोन वाजला. मावशीने दचकून याच्याकडे पाहिलं, फोन काढला आणि हळूच म्हणाली, "नंतर बोलते गं, साहेब आहेत." तोंड तिकडे करून अजून बरंच बोलली, भाचीच्या सासूपर्यंत. मग फोन ठेवला आणि पुन्हा चमचा उचलला.

तो दाराशी होता तसाच उभा. खोली आतली. मावशी बोलली. आणि पलीकडच्या माणसाला ऐकू गेलं.

"मावशी, तुमची कंपनी कोणती?"

"फुगेवाली. का हो? बंद करते की, तुम्ही सांगितल्यापासून मी आवाजसुद्धा…"

"रोज इथूनच बोलता?"

"बोलायचे. वहिनींना आवडायचं ऐकायला. हसायच्या. तुम्ही नको म्हणालात म्हणून मग न्हाणीघरात जायला लागले."

त्याने खाटेकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती. मंद पोराला उशिरा गणित सुटल्यावर मास्तरीण बघते तसं. इतके दिवस ती बोट दाखवून सांगत होती, आणि जन्मभर तिचं ऐकायचा कंटाळा केलेला हा माणूस, ती बोलायची थांबल्यावरही नीट ऐकत नव्हता. हे त्यानेच नंतर वरच्या बाईंना सांगितलं, जिन्याच्या पायरीवर बसून.

पण सांगायला आला होता दुसरंच. फुगेवाली घरात चालते, दवाखान्यात नाही. पोपटवाली दवाखान्यात चालते, घरात नाही. आता करायचं काय?

"मग तिला फुगा घ्या आणि तुम्ही पोपट घ्या," बाई म्हणाल्या.

"असं कसं? जोडी आहे ना. लेकीने जोडी योजना घेतलीय, दोघांची एक कंपनी."

"एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीवर लागत नाही का?"

"लागतो."

"मग लग्न तुमचं झालंय, सिमकार्डांचं नाही. उठा."

तो उठला. नंबर दोघांचेही तेच राहिले, फक्त ती फुग्याखाली गेली आणि हा पोपटाखाली. लेकीने फोनवर बापाला झापलं, मग बाईंचं नाव ऐकून गप्प बसली.

शिशाच्या दाराचं काय करायचं, ते त्याने आपलं आपण ठरवलं. दाराबाहेर, बाकाच्या वर भिंतीत एक खिळा ठोकला आणि फोन एका कापडी पिशवीत घालून तिथे टांगला. बाकावर बसलेल्यांना सांगितलं, "हा वाजला तर उचलू नका. नुसतं मला ओरडून सांगा, किती वेळा वाजला ते."

दुपारी मावशी निघाली असेल त्या सुमाराला पिशवीतून आवाज आला आणि बंद झाला. बाकावर मनगट मोडलेली एक बाई, छातीवर हात धरलेला एक ट्रकवाला आणि गळ्यात पट्टा घातलेली एक मास्तरीण होती. तिघं एकदम ओरडले, "वाजला हो. एकदाच."

आत कोणीतरी श्वास रोखून उभं होतं. काचेमागून आवाज आला, "सोडा."

*

त्यानंतर ते बोळातलं नेहमीचंच झालं. नवा पेशंट आला की जुना त्याला समजावून सांगायचा, एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे या. दुखणं विसरून माणसं पिशवीकडे कान लावून बसायची. दोनदा वाजल्याचे प्रसंगही आले. एकदा ती खाटेवरून घसरली होती, एकदा ताप चढला होता. स्कॅनवाली मुलगी त्याची जागा सांभाळायची आणि तो घरी पोचायचा. त्याचा जीव भांड्यात पडला होता. झोप लागायला लागली होती.

आणि एके दिवशी फोन वाजला तो एकदा नाही, दोनदा नाही. वाजला, थांबला, वाजला, थांबला, लांबलचक वाजला, पुन्हा तुटका. बाकावर गोंधळ उडाला. एक म्हणाला चार, दुसरी म्हणाली सहा. कोणीतरी दार बडवलं, "अहो, थांबतच नाहीये."

तो आतून जो सुटला तो तसाच. लहान मुलाला धरून उभं राहायचं होतं म्हणून अंगात शिशाचा एप्रन चढवलेला; गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, धोंडा बांधल्यासारखा जड. तो काढायचं सुचलंच नाही. तो एप्रन घालून, भर उन्हात, भाजीच्या गाड्यांमधून धापा टाकत धावणारा माणूस ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. दवाखान्यात ठाऊक आहे ते इथपर्यंतच.

घरात शिरला तर ती उशीला टेकून बसलेली. डोळ्यांतून पाणी वाहतंय. याला पाहताच तिने बोट वरच्या ओठावर नेलं आणि डावीउजवीकडे फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग छताकडे दाखवलं.

"श्वास लागतोय? नाकात काही गेलंय? अगं, काय होतंय?"

तिने जोरजोरात मान हलवली, ओठावरून बोट फिरवलं आणि खांदा गदागदा हलायला लागला. तेवढ्यात वरच्या मागच्या खिडकीतून बाईंचा आवाज आला, कोपर बाहेर, फोन कानाला, स्पष्ट आणि खणखणीत: "दादा, मिशा काळ्या करायचं वय आहे का हे तुझं? आणि केल्यास ते केल्यास, भुवया तरी सोडायच्या होत्यास."

खाटेवरची बाई हसत होती. डोळ्यांतलं पाणी हसण्याचं होतं.

ताप नाही, पडणं नाही, काही नाही. वरच्या बाईंच्या थोरल्या भावाने मिशा रंगवल्या होत्या, आणि ही बातमी संध्याकाळपर्यंत पोटात ठेवणं तिला अशक्य झालं होतं. तिने नवऱ्याला फोन करून सांगितली होती. बस्स. जसं पूर्वी दुकानातून आल्यावर सांगायची तसं.

तो खाटेच्या कडेला बसला. एप्रनच्या वजनाने खाट करकरली. "भुवयासुद्धा?" त्याने विचारलं.

तिने दोन्ही भुवयांवरून बोट फिरवलं.

परत गेल्यावर बाकावरच्या मंडळींनी त्याला घेरलं. काय झालं, बऱ्या आहेत ना? तो एप्रनचे बंद सोडत म्हणाला, "काही नाही. बोलत होती."

मग तेही सुरू झालं. दुपारी केव्हाही पिशवी वाजायची, वाट्टेल तशी. एकदा आणि दोनदा सोडून बाकी सगळं म्हणजे गप्पा, असं बोळाने ठरवून टाकलं. "आज वहिनी बऱ्याच बोलतायत," असं आत ऐकू यायचं. तो काचेमागे हसायचा आणि फळीसमोरच्या माणसाला वाटायचं, आपल्या फुप्फुसात काहीतरी चांगलं दिसलं.

*

एका माणसाचं काम मार्गी लावलं की त्याला दुसऱ्याचं लावल्यावाचून चैन पडत नाही. पावसापाण्यात बाई खिडकीतून कोपर काढून उभ्या राहतात, हे त्याला बघवेना. मावशीचा फोन त्याने बाईंच्या घरात नेऊन फिरवला. फुगेवाली स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत, पलंगावर, सगळीकडे चालत होती.

"बाई, तुमचाही पोपट उडवून लावू. चला, रविवारी माझ्याबरोबर दुकानात."

रविवारी बाई पर्स घेऊन खाली आल्या. आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, एक पाय उंबऱ्यात. तो चपला घालत बायकोला सांगत होता, "आलोच गं. बाईंची कंपनी बदलून आणतो. म्हणजे त्यांना खिडकीशी यायला नको. घरात कुठेही बसून बोलतील आरामात."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने खाटेच्या दांडीवर फोन आपटला. तो वळला. तिने छताकडे दाखवलं, कानाकडे दाखवलं, मान हलवली, नाही, नाही.

"काय गं? कान दुखतोय?"

या वेळी तिने उशीला मारलं नाही. तिने बाईंकडे पाहिलं. ओठ एकमेकांवर आले, उघडले, पुन्हा मिटले. अर्धंमुर्धं बोलायचंच नाही, असा बाणा असलेल्या त्या बाईचा सगळा चेहरा एका बाजूला ओढला गेला, मानेच्या शिरा वर आल्या.

"ह… लू…" मग बराच वेळ काही नाही. "न… का."

बाई उंबऱ्यात होत्या तिथेच राहिल्या. तो एका पायात चप्पल घालून भिंतीला टेकला. जन्मभर त्याने ते वाक्य दुसऱ्यांना म्हटलं होतं, कानांनी ऐकलं ते त्या दिवशी. त्याने श्वास आत घेतला होता तो तसाच राहिला. 'सोडा' म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

हल्ली ती आणखी काही काही बोलते. "अहो" म्हणते, "मिशा" म्हणते, मावशीला "गप" म्हणते. बोलायला शिकवणाऱ्या बाई पुन्हा येऊ लागल्यात.

दुकानात जायचं मात्र राहिलं. जिन्यात भेट झाली की तो म्हणतो, "बाई, तुमचं ते काम?" आणि बाई म्हणतात, "पुढच्या रविवारी बघू." फोन वाजला की त्या मागच्या खिडकीशी जातात, कोपर बाहेर काढतात, आणि भावाला जरा जास्तच मोठ्याने झापतात. खाली खाट करकरते. कोणीतरी उशी सारखी करून ऐकायला बसलेलं असतं.